ईलॅबएफटीडब्ल्यू : वेस्टर्न ब्लॉटच्या पायऱ्या सांभाळायला कसं आहे?

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं एखादं प्रथिन अँटिबॉडीनं शोधायची चाचणी, दोन दिवस चालतो. पहिल्या दिवशी जेल चालवणारा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा) विद्यार्थी दुसऱ्या दिवशी ब्लॉट धुवायला असेलच असं नाही. फ्रिजमधल्या डबीत कुठला मेंब्रेन (प्रथिनं ज्यावर उतरवतात तो पातळ पडदा) कुठल्या अँटिबॉडीत बुडालाय, ब्लॉकिंग (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा झाकणं) दुधात झालं की बीएसए या प्रथिनाच्या द्रावणात, हे टेपवरच्या पुसट अक्षरांवरून ओळखायचं. वडोदऱ्याच्या फत्तेगंज-सयाजीगंज भागात जीवशास्त्रात काम करणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. या एका अडचणीसाठी ईलॅबएफटीडब्ल्यू हे प्रयोगांच्या नोंदवहीचं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं, आणि इथे त्याच बाजूनं त्याकडे पाहिलंय.

हे सॉफ्टवेअर पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालं. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. आपल्याच मशिनवर डॉकरमधून (सॉफ्टवेअर तयार डब्यासारखं बसवून चालवायचं साधन) चालवायचं आणि इतरांनी ब्राउझरमधून वापरायचं. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर मजकुराच्या खाली ‘स्टेप्स’ची यादी असते. स्टेप पूर्ण झाली की टिक करायची, त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. प्रयोगांच्या यादीत प्रत्येकापुढे पुढची बाकी स्टेप दिसते. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला विचारपूस न करता कळतं की ब्लॉट प्रायमरी अँटिबॉडीपर्यंत (शोधायच्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) आलाय.

खरी मेहनत टेम्प्लेट बनवताना लागते. प्रोटोकॉलमधलं प्रत्येक वाक्य स्टेप करून टाकलं तर यादी चाळीस ओळींची होते आणि आठवड्याभरात कुणी टिक करेनासं होतं. स्टेप दोनच ठिकाणी पाडावी : जिथे थांबायचं असतं आणि जिथे तपासायचं असतं. ब्लॉटसाठी आठ-नऊ पुरतात. जेल लोड (प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन), पीव्हीडीएफ मेंब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवला, ट्रान्सफर (जेलमधली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवणं) १०० व्होल्टवर १ तास थंडीत, पाँसोनं (प्रथिनं दाखवणारा लाल रंग) तपासलं, ब्लॉकिंग १ तास, प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर, टीबीएसटी या बफरनं १० मिनिटांचे ३ वॉश, सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी अँटिबॉडी) १ तास, पुन्हा ३ वॉश आणि मग ईसीएल (प्रथिनाची जागा उजळवणारं रसायन).

यातली पाँसोची स्टेप कधीही गाळू नये. मेंब्रेनवर गोल पांढरे डाग दिसले तर सँडविचमध्ये (ट्रान्सफरसाठी रचलेल्या जेल-मेंब्रेनच्या थरांत) हवेचे बुडबुडे राहिले. काहीच रंगलं नाही तर बहुधा जेल आणि मेंब्रेनची बाजू उलटी लागली. इथेच थांबलं तर महागडी अँटिबॉडी वाचते. पण एक लक्षात घ्या : सॉफ्टवेअर तुम्हाला अडवत नाही. पाँसोची टिक नसतानाही पुढच्या स्टेपवर टिक करता येते. एक स्टेप झाल्याशिवाय दुसरी उघडू नये असं या यादीत बांधता येत नाही, म्हणून स्टेपच्या नावातच लिहावं : ‘पाँसो : लेन एकसारखे नसतील तर थांबा’.

दुसरी खोट वापरणाऱ्याच्या सवयीत आहे. संध्याकाळी खुर्चीत बसून सगळ्या टिका एकदम केल्या तर नोंदलेल्या वेळांना काही अर्थ उरत नाही. ब्लॉकिंग खरंच तासभर झालं का, हे मग कुणालाच सांगता येणार नाही. बेंचजवळ जुना टॅब्लेट ठेवा आणि ग्लोव्ह काढून तिथेच टिक करा. स्टेपला मुदत देता येते. रात्रभराच्या प्रायमरीला दुसऱ्या दिवशी सकाळी ९ची मुदत टाका आणि शेजारचं घंटीचं चिन्ह दाबा. सूचना ईमेलनंही हवी असेल तर सर्व्हरवर मेलची सेटिंग आधी करून ठेवावी लागते, हे बरेच जण विसरतात.

आकडे स्टेपमध्ये कोंबू नका, त्यांच्यासाठी जादा रकाने आहेत. प्रथिनाचं प्रमाण, अँटिबॉडीचं डायल्युशन, ब्लॉकिंगचा पदार्थ यांचे रकाने टेम्प्लेटमध्येच बनवा. ब्लॉकिंगसाठी दूध की बीएसए असा निवडीचा रकाना ठेवा. फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन ओळखणारी) असेल तर बीएसएच, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे आणि पार्श्वभूमी काळी पडते.

सर्वात आवडलेली सोय वेगळीच आहे. अँटिबॉडीची प्रत्येक बाटली लॉट नंबरसह ‘रिसोर्स’ म्हणून नोंदवायची आणि प्रयोगाला जोडायची. बाटलीच्या पानावरून ती कुठल्या प्रयोगांना जोडलीय ते दिसतं. समजा एका तारखेपासून सगळे ब्लॉट कोरे यायला लागले. बाटल्यांसारखीच बफरचीही नोंद असेल तर कोरे ब्लॉट एकाच वॉश बफरवर येऊन थांबतात का, ते पाच मिनिटांत कळतं. त्यात कुणी सोडियम अझाइड (बफर टिकवायला घालतात ते रसायन) घातलं असेल तर तेच कारण, कारण अझाइड सेकंडरीला जोडलेल्या, ईसीएल उजळवणाऱ्या एचआरपी एन्झाइमला निकामी करतं.

टेम्प्लेट सुधारला तरी आधीचे प्रयोग बदलत नाहीत. ते योग्यच आहे, पण चालू ब्लॉटची यादी हातानं दुरुस्त करावी लागते.

मकरपुऱ्यातल्या औषध कारखान्यांना एक सूचना : नुसतं बसवलं म्हणजे प्रणाली व्हॅलिडेट झाली (ती ठरल्याप्रमाणे चालते हे तपासून कागदावर सिद्ध झालं) असं नाही. ते काम वेगळं करावं लागतं.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात किती आत शिरलं होतं, ते वडोदऱ्याला सांगायला नको. यूपीएस हवाच. बॅकअपमध्ये तीन गोष्टी असाव्यात : मायएसक्यूएलचा डंप (नोंदींच्या डेटाबेसची पूर्ण प्रत), अपलोड केलेल्या फायली आणि गुप्त किल्ली असलेली कॉन्फिगरेशन फाइल. फक्त डेटाबेस जपला तर नोंदी परत मिळतील, जेलचे फोटो मिळणार नाहीत. प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या मशिनवर उभी करून एखादा जुना ब्लॉट फोटोसकट उघडतो का ते पाहा.