पुण्यात वाचनालयाची वर्गणी कुठे भरावी?

पुण्यात राहायला आलेलं कुटुंब घर लावून झालं की विचारतं, चांगलं वाचनालय कुठलं? आधी घरात कोण काय वाचतं हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. पेठांमधली जुनी सार्वजनिक वाचनालयं, सरकारी विभागीय ग्रंथालय, संशोधन संस्थांची ग्रंथालयं, पुस्तकं घरपोच देणाऱ्या खासगी लायब्ररी आणि अभ्यासिका असे पर्याय शहरात आहेत. त्यांचे उपयोग इतके वेगळे आहेत की एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली तर वर्गणी वाया जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात मराठी वाचणारं एक जरी माणूस असेल तर पहिली वर्गणी पेठेतल्या जुन्या वाचनालयाची भरा. बाकीचं गरजेप्रमाणे त्यात जोडा.

घरी नेऊन वाचायचं असेल तर

जुन्या वाचनालयांत दोन नावं सगळ्यात आधी येतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झालं, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकाराने. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. या वाचनालयांची खरी श्रीमंती म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्या, चरित्रं, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं आणि नाटकं. दुकानात ज्यांची आवृत्ती संपून वीस-वीस वर्षं झाली आहेत अशी पुस्तकं इथल्या कपाटांत खाकी पुठ्ठ्याच्या बांधणीत सुखरूप असतात. नवं, गाजलेलं पुस्तकही येतं, पण त्यासाठी रांग असते. नाव नोंदवून ठेवावं लागतं आणि आपली पाळी यायला वेळ लागतो.

सरकारी विभागीय ग्रंथालय वर्षानुवर्षं विश्रामबागवाड्याशी जोडलेलं आहे. तिथली वर्गणी अगदी कमी. गॅझेटियर, कोश, शासकीय प्रकाशनं, जुने संदर्भग्रंथ यांसाठी ते उत्तम. मात्र गेल्या महिन्यात बाहेर आलेली कादंबरी तिथे लगेच मिळेल अशी आशा धरू नये, सरकारी खरेदी तिच्या वेगाने होते. निवृत्त माणूस, इतिहासाची आवड असलेला वाचक किंवा कमी पैशांत भरपूर वाचू इच्छिणारा विद्यार्थी यांना मी हा पर्याय आवर्जून सुचवतो.

घरपोच लायब्ररीचं गणित सरळ आहे. मोबाइलवर यादी बघायची, पुस्तक निवडायचं, माणूस दारात आणून देतो आणि जुनं घेऊन जातो. इंग्रजी कादंबऱ्या आणि लहान मुलांची चित्रमय पुस्तकं तिथे भरपूर. खराडी, बाणेर किंवा हडपसरला राहणाऱ्या आणि दोघंही नोकरी करणाऱ्या घराला ही मोठी सोय आहे. दरमहा पैसे पेठेतल्या वाचनालयापेक्षा बरेच जास्त जातात आणि मराठीचं कपाट बहुतेक ठिकाणी तोकडं असतं, तीच ती चार गाजलेली नावं. मराठीसाठी म्हणून ही वर्गणी भरू नका.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. सार्वजनिक वाचनालयात साधारण तीन आकडे असतात: प्रवेश शुल्क, अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी. अनामत परत मिळते, पण पावती दाखवली तरच. ती पावती घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. वर्गणी किती पुस्तकं एका वेळी नेणार आणि मासिकं हवीत का यावर ठरते. एक पुस्तक आणि एक मासिक ही जोडी दोघांच्या घराला पुरते.

वाचनालय जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं?

ग्रंथसंख्येचा फलक पाहून काहीच कळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तकंही त्यात मोजलेली असतात. वर्गणी भरण्याआधी देवघेवीच्या काउंटरजवळ पंधरा मिनिटं थांबा, संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास. हातात कापडी पिशवी घेतलेल्या आजी येतात, पुस्तक काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “हे वाचलेलं निघालं हो, तिसऱ्या पानावर आठवलं.” काउंटरवरच्या ताई मान वर न करता विचारतात, “प्रवासवर्णन चालेल का? कालच परत आलंय.” आणि आतल्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून बरोब्बर ते पुस्तक काढून देतात. वाचकाची आवड लक्षात ठेवणारं असं माणूस जिथे आहे ते वाचनालय घ्या, भले चार कपाटं कमी असोत. कुठल्याही ॲपने सुचवलेल्या यादीपेक्षा मी या ताईंच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो.

मग कुठलंही एक पुस्तक उघडून शेवटचं पान बघा. तिथे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असतात. शिक्के दाटीवाटीने आणि अलीकडचे असतील तर त्या कपाटाला वाचक आहे. शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा दिसला तर शेजारची चार पुस्तकं पाहा. सगळीकडे तेच असेल तर तो विभाग झोपलेला आहे. संगणकावर नोंद होत असेल तिथे शिक्के नसतील, अशा ठिकाणी नवीन पुस्तकांची मांडणी बघा आणि वाचकांसाठी मागणी वही आहे का ते विचारा. मागणी वहीत लिहिलेल्या पुस्तकांपुढे ‘खरेदी केले’ असा शेरा दिसला की निर्धास्तपणे पैसे भरा.

नवी पुस्तकं कमी दिसली म्हणून लगेच नाकही मुरडू नका. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. इतर काही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतला जातो, आपल्याकडे तसा नाही. त्यामुळे सगळी मदार सरकारी अनुदानावर, वर्गणीवर आणि देणग्यांवर. त्यातूनच पुस्तकं घ्यायची आणि सेवकांचं तुटपुंजं मानधनही द्यायचं. पुण्यासारख्या शहरात इतकी वाचनालयं अजून उघडी आहेत ती या माणसांच्या चिवटपणामुळे. वाचनालयाचा सभासद होणं ही म्हणूनच माझ्या दृष्टीने थेट मदत आहे.

बसून अभ्यास करायचा असेल तर

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न अगदी निराळा आहे. त्यांना पुस्तक नको असतं, खुर्ची हवी असते. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत: ठरलेली जागा, लॉकर, वायफाय, काही ठिकाणी रात्रभर प्रवेश. महापालिकेच्या अभ्यासिका खूपच स्वस्त आहेत, पण जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं. सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका या दोहोंच्या मधली. वेळ मर्यादित, पण वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि संदर्भग्रंथ हाताशी. चालू घडामोडींसाठी रोज पाच-सहा वर्तमानपत्रं चाळणाऱ्याला मुक्तद्वार वाचनालयाचा उपयोग होतो. तिथे बसून वाचायला वर्गणी लागत नाही.

माझा कल असा: मुख्य परीक्षेला सहा महिने राहिले असतील तर खासगी अभ्यासिका घ्या, कारण तेव्हा जागा आणि वेळ यांची शाश्वती लागते. त्याआधीच्या काळात सार्वजनिक अभ्यासिका पुरेशी आहे आणि घरून पैसे मागवणाऱ्या मुलांनी हा फरक गांभीर्याने घ्यावा. खासगी अभ्यासिका बघायला जाल तेव्हा एसीपेक्षा जिने मोजा. वरच्या मजल्यावर जायला-यायला एकच अरुंद जिना, खिडक्या सील केलेल्या आणि स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, अशी जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मुलींनी रात्री बंद होण्याची वेळ आणि बाहेरच्या गल्लीतले दिवे दोन्ही स्वतः पाहून यावं.

काही शोधायचं असेल तर

इथे पुण्याची बरोबरी करणारी शहरं फार थोडी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली, महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली आणि तिथलं हस्तलिखितांचं भांडार जगभरच्या अभ्यासकांना ओढून आणतं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी उभं केलेलं. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ मोडी कागदपत्रं पाहायची तर सदाशिव पेठेतल्या या मंडळात जावं. अर्थशास्त्र, शेती, जुने सरकारी अहवाल यांसाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, आणि विद्यापीठातलं १९५० सालचं जयकर ग्रंथालय.

ही ग्रंथालयं घरी कादंबरी नेण्यासाठी नाहीत. जाताना ओळखपत्र, शक्य असल्यास महाविद्यालयाचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र आणि हव्या असलेल्या ग्रंथांची लेखी यादी न्या. “शिवकाळावर काहीतरी” असं सांगितलं तर कर्मचारी हतबल होतात, नेमका ग्रंथ किंवा दप्तर सांगितलं तर तुमच्यासाठी जीव तोडून शोधतात. त्याआधी घरबसल्या एक फेरी जरूर मारा. गोखले संस्थेने बरीच दुर्मिळ पुस्तकं डिजिटल करून खुली ठेवली आहेत आणि राज्य मराठी विकास संस्थेनेही जुने मराठी ग्रंथ उपलब्ध करून दिले आहेत. अनेकांचं काम तिथेच भागतं.

मुलं असतील तर

मुलांसाठी मी घरपोच सेवेपेक्षा बालविभाग निवडेन, आणि यात मला शंका वाटत नाही. पडद्यावर आईने निवडलेलं पुस्तक मूल दोन दिवसांत बाजूला ठेवतं. कपाटासमोर फरशीवर फतकल मारून, पाच पुस्तकं काढून, त्यातली चार परत नको तिथे कोंबून त्याने स्वतः उचललेलं पुस्तक मात्र ते रिक्षातच वाचायला घेतं. बालविभाग पाहताना कपाटाची उंची बघा. मुलाचा हात पोहोचत नसेल तर तो विभाग मोठ्यांनी मोठ्यांच्या सोयीने लावलेला आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला थेट जाड मराठी पुस्तक देऊ नका, भरपूर चित्रं आणि कमी जोडाक्षरं असलेली पुस्तकं कुठे ठेवली आहेत ते आधी विचारा.

खासगी लायब्ररींचे गोष्टींचे तास नेटके असतात, पण बहुधा इंग्रजीत आणि वेगळ्या शुल्काचे. सार्वजनिक वाचनालयाच्या उन्हाळी सुट्टीतल्या कार्यक्रमांत तितका झगमगाट नसतो. तिथे कथाकथन, हस्तकला, पाठांतर असतं आणि पेठेतली, वस्तीतली, सोसायटीतली मुलं एकाच सतरंजीवर बसतात. मला ते फार मोलाचं वाटतं.

कार्यक्रमांसाठी?

कार्यक्रमांकडे पाहून वर्गणी ठरवायची गरज नाही, कारण बहुतेक सगळे सर्वांना खुले असतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या सुमारास जवळपास प्रत्येक वाचनालयात ग्रंथप्रदर्शन किंवा व्याख्यान असतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यातली. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभेत ताजं संशोधन ऐकायला मिळतं आणि मंडळाचे मोडी लिपीचे वर्ग आहेतच. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. स्थानिक वर्तमानपत्रातलं ‘आज पुण्यात’ छापाचं सदर रोज पाहिलं तरी आठवड्याला एक चांगला कार्यक्रम हाती लागतो.

सभासदांना खास उपयोगाची म्हणाल तर दिवाळी अंक योजना. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. आज एवढे अंक निघतात की विकत घेऊन वाचणं कुणालाच झेपत नाही. वाचनालय ठरावीक रक्कम घेतं आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून वाचायला देतं. पाच-सहा अंकांच्या किमतीत ढीगभर अंक वाचून होतात. घरपोच लायब्ररींत ही सोय क्वचितच असते. ज्येष्ठांच्या घरासाठी माझ्या मते हा एक मुद्दाच निर्णायक आहे.

अंतराची अडचण खरी आहे. पेठांमधल्या लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाते. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाल्यामुळे पिंपरी-चिंचवडहून किंवा स्वारगेटकडून येणं पुष्कळ सोपं झालं. तरीही दर आठवड्याला जमणार नसेल तर आधी घराजवळ ‘क’ किंवा ‘ड’ वर्गातलं छोटं वाचनालय आहे का ते पाहा, आणि मोठ्या वाचनालयाची शाखा तुमच्या भागात आहे का हेही विचारा. जवळच्या छोट्या वाचनालयात महिन्यातून चार वेळा जाल, लांबच्या मोठ्यात एकदाच.

पहिल्या दिवशी जाताना पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि सुट्टे पैसे बरोबर ठेवा. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी बंद असण्याची वेळ फोन करून विचारून घ्या. काउंटरवर तीन गोष्टी विचारा: एका वेळी किती पुस्तकं, उशीर झाला तर दंड किती, आणि दिवाळी अंकांची नोंदणी कधीपासून.