आरोपी न्यायालयात आणताना: बेड्या, पायाचा ब्रेस की स्टन बेल्ट?

अमेरिकेत कच्च्या कैद्याला ज्युरीपुढे (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) आणायचं आहे आणि तो पळेल किंवा कुणाच्या अंगावर जाईल अशी खरी धास्ती आहे. अशा वेळी बहुधा या तिघांतून निवड होते.

साध्या बेड्या स्वस्त आणि खात्रीच्या. बेडी आणि मनगटाच्या मध्ये एक बोट सरकलं पाहिजे आणि दुहेरी लॉक केलंच पाहिजे. नाहीतर हात हलला की बेडी आवळत जाते, नस दबते आणि अंगठ्याकडची बाजू बधिर होते. खरी अडचण म्हणजे त्या दिसतात, आणि त्या पाहून ज्युरी आरोपीला आधीच दोषी धरू शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या डेक विरुद्ध मिझुरी (2005) निकालाप्रमाणे, त्या खटल्यापुरतं ठोस कारण असल्याशिवाय ज्युरीला दिसतील अशा बेड्या चालत नाहीत. पायातल्या बेड्या झाकायला टेबलाला कापड लावतात. ते दोन्ही पक्षांच्या टेबलांना लावा, एकालाच लावलं तर ज्युरीला सगळं कळतं.

ब्रेस म्हणजे पायाला बांधायची ताठ पट्टी, ती पँटच्या आत बसते. पाय सरळ केला की ती गुडघ्याशी अडकते, त्यामुळे धावता येत नाही. पण चालताना ताठ पाय लपत नाही, म्हणून ज्युरी आत येण्याआधीच आरोपीला जागेवर बसवावं, साक्ष द्यायची असेल तेव्हाही.

स्टन बेल्ट दिसत नाही, म्हणूनच तो सोयीचा वाटतो. कमरेच्या पट्ट्यातली धातूची टोकं डाव्या मूत्रपिंडाजवळ टेकतात. 300 फुटांवरूनही रिमोटने 50,000 व्होल्टचा झटका बसतो, 8 सेकंद. माणूस कोसळतो, मलमूत्रावरचा ताबा सुटू शकतो. बटण चुकून दाबलं गेल्याचेही प्रकार घडलेत. 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आरोपी मध्येमध्ये बोलतो म्हणून न्यायाधीशांनीच झटका द्यायला लावला. सुरक्षेचं साधन गप्प बसवायला वापरलं गेलं, हे भयंकर आहे.

झटका बसला नाही तरी नुकसान होतंच. वकिलाकडे झुकलो तर बटण दाबतील या धास्तीत आरोपी नीट बोलत नाही. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पट्टा बांधून साक्ष द्यावी लागलेल्या आरोपीची शिक्षा रद्द केली. इंडियाना राज्याने तर 2001 मध्येच न्यायालयांत हा पट्टा बंद केला.

आमचं मत स्पष्ट आहे: जादा पहारेकरी पुरत असतील तर काहीच बांधू नका, नाहीतर ब्रेस. बेल्ट कधीच नाही. कारण, वेळ आणि कधी काढलं, हे नोंदवहीत लिहा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रेमशंकर शुक्ला निकालाने (1980) हातकडीसाठी कारण नोंदवणं बंधनकारक केलंच आहे.