पायाच्या डॉप्लरसाठी पेशंट पाठवताय? फॉर्म रिकामा ठेवू नका (माझा अनुभव, ४/५)

मी क्लिनिकमध्ये ड्रेसिंग बघते आणि गेली दोनेक वर्षं पायाच्या रक्तप्रवाहाच्या टेस्टसाठी कम्युनिटी नर्सिंगच्या सिस्टरांकडे पेशंट पाठवतेय. डॉप्लर (नाडीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं मशीन) लावून एबीपीआय, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी, काढतात ना, ती टेस्ट. नवीन पाठवणारे नेमके तिथेच अडकतात जिथे मी अडकले होते, म्हणून लिहितेय.

आधी तक्रार सांगते. माझे सुरुवातीचे फॉर्म धडाधड परत आले. एकावर मी "उजव्या घोट्याजवळ जखम, टेस्ट करावी" एवढंच खरडलं होतं. जखम किती आठवड्यांची, शुगर आहे का, सिगारेट, चालताना पोटरीत गोळे येतात का आणि किती चालल्यावर, रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं का, सगळे रकाने कोरे. मला वाटलं काय हा कागदी कारभार, पेशंट तुमच्यासमोरच झोपणारे ना मग तुम्हीच विचारा की! पुढच्या फॉर्मवर मात्र थेट फोन आला. "ताई, एकच पोटरी दोन दिवसांत सुजलीय, गरम लागतेय असं तुम्हीच लिहिलंय. आधी शिरेत गुठळी नाही ना ते डॉक्टरांकडून बघून घ्या, तोपर्यंत आम्ही त्या पायावर बीपीचा पट्टा आवळणार नाही." मी गप्प. चूक माझीच होती.

मग एकदा एका आजोबांसोबत मुद्दाम गेले, म्हटलं बघू तरी काय करतात. पायऱ्या चढून आले होते म्हणून आधी वीस मिनिटं आडवं पाडलं, नुसतं पडून राहायचं, गप्पासुद्धा नको. दोन्ही हातांचं बीपी डॉप्लरनेच घेतलं, स्टेथोने नाही. जखमेवर स्वयंपाकघरातली ती पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली आणि त्यावरून घोट्याच्या वर पट्टा. पावलावर जेल, पेनाएवढा प्रोब तिरका धरून सिस्टर नाडी शोधत होत्या, मशीनमधून नुसती खरखर, आणि एकदम श्शू... श्शू... सुरू झालं. आजोबा म्हणाले, "हे माझंच का?" पट्टा फुगवला तसा आवाज बंद, मग हळूहळू हवा सोडत जिथे पहिला श्शू परत आला तो आकडा. एक नाडी पावलाच्या वरची, दुसरी घोट्याच्या आतल्या बाजूला मागची, त्यातला मोठा आकडा घ्यायचा आणि हाताच्या मोठ्या आकड्याने भागायचं. आजोबांचा हात १५०, पाय १०५. म्हणजे ०.७.

आता हे ऐका. पाय सुजलेला, घोट्याजवळ कातडी काळपट-तपकिरी, मी डोळे झाकून शिरांचीच (शिरांत रक्त साचून होणारी) जखम धरली होती आणि त्यावर बांधतात तशी घट्ट पट्टी बांधायच्याच बेतात होते. ०.८ च्या खाली ती घट्ट पट्टी बांधायची नसते, आधीच रक्त कमी पोचतंय त्यात आपण बाहेरून दाबायचं म्हणजे जखम भरायची सोडून पायच धोक्यात. त्यांनी रिपोर्टमध्येच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा असं लिहून दिलं. ०.५ च्या खाली असेल तर मग थांबायचंच नाही, तातडीने.

उलटा किस्सा एका शुगरवाल्या मावशींचा. आकडा १.४२, मी म्हटलं वा, झकास! सिस्टरांनी खाली लिहिलं होतं की धमन्या कडक झाल्यात, पट्ट्याने नीट दबतच नाहीत म्हणून आकडा खोटा वर जातो, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागेल. घेतलं तर ते कमी निघालं. शुगर किंवा किडनीचा पेशंट असेल तर फॉर्मवर ठळक लिहा ते यासाठी.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी, माझ्या एका पेशंटला तीन आठवडे थांबावं लागलं आणि चिघळलेल्या जखमेला तीन आठवडे फार होतात हो. शिवाय काही रिपोर्टवर नुसता आकडा असतो, नाडीचा आवाज कसा होता ते नसतं. मी फोन करून विचारते, तेव्हा सांगतात, पण लिहायला काय जातं? बाकी हात हलका, पेशंटशी बोलणं गोड, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाय तपासतात, जखम एकाच पायाला असली तरी.

पाठवताना पेशंटला सांगून ठेवा, टेस्टच्या आधी दोन तास चहा-सिगारेट नको. आणि सैल पायजमा घालून या म्हणावं, माझे एक काका टाइट जीन्समध्ये गेले होते, घोट्याच्या वर सरकेना, शेवटी चादर गुंडाळून झोपवलं.