फाल्गुनरावाच्या आजोबांना भेटायला गेले : 'ऑल इन द राँग'च्या रीप्रिंटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पुस्तक म्हणून दीड स्टार आणि नाटक म्हणून साडेचार, त्यामुळे खाली जे काही लिहिलंय त्यातलं कुठलं कशाबद्दल आहे ते तुमचं तुम्ही बघा.

झालं असं की 'संशयकल्लोळ' हे नाटक मी लहानपणापासून इतक्या वेळा बघितलंय की भादव्या कधी एंट्री घेणार हे मला नटाच्या आधी कळतं, आणि दरवेळी माहितीपत्रकात एक ओळ असते, मूळ कल्पना मोलिएरची, म्हणजे सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटककाराची. बरोबरच आहे ते, पण मधला एक माणूस त्या ओळीतून नेहमी गळतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीची गंमत' लिहिलं ते आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' या इंग्रजी नाटकावरून, आणि त्यालाच पुढे पदं घालून १९१६ ला 'संगीत संशयकल्लोळ' झालं. हा मर्फी आयरिश, रॉसकॉमन परगण्यातला, जन्म १७२७. तर म्हटलं एकदा मूळ वाचून बघू.

ऑनलाइन मिळालं, साडेसातशे रुपये. मागणी आली की छापून देतात त्यातला प्रकार, जुन्या प्रतीचे फोटो काढायचे आणि तसेच छापायचे. कव्हरवर धुक्यातला डोंगर आहे. लंडनच्या ड्रॉइंगरूममधल्या नवरा-बायकोच्या भांडणाशी डोंगराचा काय संबंध ते छापणाऱ्यालाच माहीत. आत प्रस्तावना नाही, टिपा नाहीत, मर्फी कोण होता याचं एक वाक्य नाही, मागच्या कव्हरवर जुनी पुस्तकं जपणं किती गरजेचं आहे यावर एक परिच्छेद, जो बहुतेक सगळ्याच पुस्तकांवर छापत असणार. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. आणि ६३-६४ हे पान नाहीच! विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं की स्कॅन जसा आहे तसा आहे.

अठराव्या शतकातल्या छपाईची सवय नसेल तर पहिली दहा पानं डोकं उठतं, कारण शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये जो 'एस' येतो तो 'एफ'सारखा दिसतो. म्हणजे सर जॉन रेस्टलेस हा आपला नायक वाचताना 'रेफ्टलेफ्स' होतो आणि सस्पिशनचं 'फुफ्पिशन', आणि नाटकात हा शब्द काही कमी वेळा येत नाही. पंधराव्या पानानंतर मात्र डोळे सरावतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, ते मला फार आवडलं, पान उलटायच्या आधीच जीभ तयार.

आता नाटक. १७६१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला लागलं. पार्कमध्ये बेलिंडा नावाची मुलगी चक्कर येऊन पडते, सर जॉन तिला सावरतो, आणि नेमकं तेव्हाच त्याची बायको वरच्या खिडकीतून बघते. ती तरातरा खाली येईपर्यंत हे दोघं गायब, जमिनीवर बेलिंडाच्या प्रियकराची तसबीर पडलेली. बाई ती उचलून न्याहाळत उभी, आणि तेवढ्यात मागून नवरा हजर. म्हणजे दोघांच्याही हातात एकाच मिनिटात पुरावा! संशयकल्लोळमधले नवरा-बायको, कृत्तिकाबाई आणि फाल्गुनराव, डोळ्यासमोर आले ना? मी तर तिथे एकटीच मोठ्याने हसले.

ही गंमत मूळ मोलिएरचीच, १६६० चं एकांकी नाटक, त्याचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये. पण तिथला नवरा तसबीर बघून बिथरतो. मर्फीने त्याचे पाच अंक केले, पॅरिसच्या मध्यमवर्गी माणसाच्या जागी लंडनचा सर आणि लेडी आणले, मुलांच्या लग्नाच्या बापांमधल्या वाटाघाटी वाढवल्या, प्रेमिकांची दुसरी जोडी घातली, आणि मुख्य म्हणजे हे नवरा-बायको पडदा उघडतो तेव्हाच संशयाने पछाडलेले आहेत. बायको स्वतःच्याच मोलकरणीवर डूख धरून बसलीय. तसबीर हे फक्त निमित्त, आजार जुना. माझ्या मते देवलांना खरा माल मिळाला तो इथे, कारण फाल्गुनरावही तसबीर मिळायच्या आधीपासून तसाच आहे की! देवलांनी मग बेलिंडाची रेवती केली, तिला कलावंतिणीच्या घरात टाकलं, त्यामुळे तिच्या प्रियकराच्या, अश्विनशेठच्या संशयाला जी धार आली ती मर्फीकडे नाही. बेलिंडा सभ्य घरातली, तिच्यावर संशय घेणं हा नुसता बावळटपणा वाटतो. इथे देवल सरस, अगदी पार्शालिटी न करता.

तिसरा अंक लांबलाय. एकच गैरसमज तीन दारांतून आत-बाहेर करतो आणि तुम्ही घड्याळ बघता. पदं असती तर खपून गेलं असतं, हे मी गंमतीत म्हणत नाहीये.

मर्फीबद्दल बाकी मला इकडून तिकडून वाचावं लागलं. फ्रान्समध्ये जेझुइटांच्या शाळेत शिकला, लंडनला पत्रकारी केली, कर्ज फेडायला स्टेजवर ऑथेल्लो झाला (म्हणजे संशयाची प्रॅक्टिस आधीपासून), नंतर बॅरिस्टर. नट होता म्हणून एका संस्थेने त्याला वकिलीसाठी घ्यायला नकार दिला होता. तेव्हा इंग्रजी रंगभूमीवर रडव्या, उपदेश करणाऱ्या कॉमेडीची चलती होती आणि त्या काळात हा माणूस हसवणारी कॉमेडी लिहीत राहिला, गोल्डस्मिथ आणि शेरिडन, दोघेही आयरिश, गाजायच्या दहा-पंधरा वर्षं आधी. १७७७ च्या फेब्रुवारीत त्याचं 'नो युअर ओन माइंड' आलं, त्यात नीतीच्या गप्पा मारणारा ढोंगी मॅल्व्हिल आहे. मे महिन्यात शेरिडनचं 'स्कूल फॉर स्कँडल' आलं, त्यातही तसलाच एक जोसेफ सरफेस. जोसेफ अजरामर झाला, मॅल्व्हिलला कुत्रं विचारत नाही. शेरिडनचे संवाद जास्त चमकदार आहेत हे मान्य, पण तरी चुटपुट लागतेच.

घ्यायचं का? संशयकल्लोळ पाठ असलेल्यांनी जरूर वाचा, पण ही प्रत घेऊ नका. एका डिजिटल लायब्ररीत फुकट स्कॅन आहे, अंगठा नसलेला. मी त्यातूनच ६३-६४ ची प्रिंट काढून या पुस्तकात चिकटवली, आणि अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच पान नीट वाचता येतंय.