‘एमजी’चा हिरवा दिवा

“शेठ, यातल्या चार बाजूला काढल्यात.”

कॅशिअर मॅडम काचेपलीकडून एवढंच म्हणाल्या. पाचशेच्या चार नोटा. मी म्हटलं, “मॅडम, नोटा तपासायच्या मशीनमधून दोनदा काढून आणलेला भरणा आहे.” त्यांनी नुसतं हसून घेतलं. हे वाक्य त्यांनी आधीही ऐकलेलं असणार.

जूनचा दुसरा आठवडा होता. आमचं खत-बियाण्याचं दुकान, गाव तालुक्याचं. पहिला पाऊस पडून गेला की सोयाबीनच्या पिशव्यांसाठी काउंटरवर माणूस माणसावर चढतो. फोनवर पैसे मारणारे वाढलेत हे खरं, पण पेरणीच्या तोंडावर शेतकरी अजूनही खिशातून गड्डीच काढतो. मग त्या गर्दीत कोणती नोट कोणी दिली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चारही नोटांवर बनावट असल्याचा शिक्का बसला, नंबर वहीत उतरले आणि मला पावती मिळाली. मी म्हटलं, नोटा परत द्या, वडिलांना दाखवायच्यात. तसं चालत नाही. बँकेनं एकदा पकडलेली खोटी नोट भरणा करणाऱ्याला परत द्यायची नाही आणि तिची भरपाईही नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर बँक महिनाअखेरच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवायला द्यावं लागतं. म्हणजे मी एका नोटेनं वाचलो. पेरणीच्या हंगामात दुकान सोडून पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेला मी मला दिसायला लागलो.

आता मशीनची गोष्ट.

मार्च महिन्यात एक विक्रेता मोटारसायकलवर मशीन बांधून आला. गोड बोलणारा. “शेठ, नुसतं मोजायचं मशीन नाही हे. यूव्ही आहे, म्हणजे जांभळा दिवा, आणि एमजी आहे. एमजी म्हणजे मॅग्नेटिक. खऱ्या नोटेच्या तारेत चुंबकीय खूण असते, मशीन ती वाचतं. डोळ्याला फसवता येईल, चुंबकाला नाही.” हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की पुढे तीन महिने मीच ते गिऱ्हाइकांना ऐकवत होतो.

त्यात धादांत खोटं काही नव्हतं, ही त्यातली गंमत. नोटेची सुरक्षा तार यंत्राला वाचता येईल अशीच बनवतात. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत जे वेडेवाकडे आकडे असतात, तेही चुंबकीय शाईचेच. मशीनमध्ये जुन्या टेपरेकॉर्डरच्या हेडसारखं एक हेड असतं. नोट त्याच्यावरून सरकली की खुणेचा बारीकसा विजेचा ठसका उठतो आणि मशीनला कळतं. तत्त्व खरं होतं. मला विकलेल्या डब्यात ते होतं का, एवढाच प्रश्न होता आणि तो मी विचारला नाही.

डेमो दाखवला तोही बघण्यासारखा. त्यानं खिशातून पाचशेची एक ‘खोटी’ नोट काढली. ती होती रंगीत झेरॉक्स. माझ्या दहा खऱ्या नोटांत सरकवली, मशीन चालू केलं. सातव्या नोटेला टीं टीं करून मशीन थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. पॅनेलवर ‘एमजी’ लिहिलेला हिरवा दिवा सारखा लागलेला. मी खूष.

साडेसात हजार सांगितले. “पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर पडेल, शेठ.” मी म्हटलं, राहू दे बिल. त्यानं ‘एस्टिमेट’ छापलेल्या गुलाबी कागदावर रक्कम लिहून सही ठोकली. फसवणूक त्यानं केली, पण दार मी उघडून दिलं होतं, हे लिहिताना लाज वाटते तरी लिहितो. पुढे ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावला, तेव्हा पहिला प्रश्न आला, बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता काय आहे? कागदावर दोन्ही नव्हतं. मोबाइल नंबर होता, तो बंद.

बँकेतून आलो आणि मशीन उचलून मावसभावाकडे नेलं. त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आता मोबाइल दुरुस्ती करतो. त्यानं चार स्क्रू काढले, आत बघितलं आणि मला जवळ बोलावलं. जिथे हेड असायला हवं, तिथे नुसती काळी प्लॅस्टिकची पट्टी. एक वायरसुद्धा तिथवर आलेली नाही. हिरवा दिवा थेट बारा व्होल्टला जोडलेला. मशीन चालू म्हणजे दिवा चालू. मी म्हटलं, मग झेरॉक्स कशी पकडली? तो म्हणाला, यूव्ही तेवढा खरा आहे.

त्यानं दुकानातलं शटर अर्धं ओढून मशीनच्या जांभळ्या दिव्याखाली झेरॉक्सचा कोरा कागद धरला. निळसर-पांढरा झगमगला. साध्या कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते या दिव्याखाली चमकतं. खऱ्या नोटेचा कागद चमकत नाही. तेव्हा विक्रेत्याची झेरॉक्स पकडली जाणारच होती. आणि बँकेत सापडलेल्या चार नोटा छापणाऱ्यानं न चमकणारा कागद वापरला असणार, एवढंच.

हे ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण चार नोटांचं राहू दे, त्याच आठवड्यात मी दुसरी एक गोष्ट करून बसलो होतो.

आमच्याकडे तीस वर्षं येणारे एक मामा आहेत. नात्यातले नाहीत, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी खताचे पैसे दिले. त्यातल्या एका नोटेवर मशीन अडलं. पुन्हा टाकली, पुन्हा अडलं. भरल्या दुकानात मी म्हणालो, “मामा, ही नोट खोटी आहे. कुठून आणली?” ते गोंधळले. म्हणाले, बँकेतून काढलेली, सदऱ्याच्या खिशात होती. मी म्हटलं, “बँक देईल का खोटी? मशीन खोटं बोलत नाही.” मागून कोणीतरी हसलं. मामांनी नोट घडी करून खिशात ठेवली, दुसरी दिली आणि गेले.

मी भावाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, नोट धुतलेली होती का? मला आठवलं, मऊ पडलेली, कडा विरलेल्या होत्या. त्यानं स्वतःच्या पाकिटातली एक नोट कपड्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवली, वाळवली आणि मशीनमध्ये टाकली. टीं टीं. पावडरीतही तेच उजळवणारं रसायन असतं. सदऱ्याबरोबर धुतली गेलेली खरी नोट माझ्या मशीननं चोर ठरवली होती आणि खऱ्या चोरांना मान देऊन आत घेतलं होतं.

भाऊ एवढ्यावर थांबला नाही. त्यानं एका जुन्या टेपचं हेड स्पीकरला जोडलं, माझ्या चेकबुकातल्या एका रद्द चेकच्या आकड्यांवरून आधी चुंबक फिरवलं, मग हेड ओढलं. स्पीकरमध्ये खर्रखर्र आवाज आला. “हे एवढंसं हेड बसवायचं होतं त्याला,” तो म्हणाला. मग पुढचं बोलला ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हेड असतं तरी स्वस्तातलं मशीन चुंबकीय काहीतरी ‘आहे का’ एवढंच बघतं, ते कुठे आणि कसं आहे हे बघत नाही. काही लेझर प्रिंटरच्या काळ्या पावडरीतही लोहाचे कण असतात. तेव्हा ‘एमजी’ ही दोन अक्षरं डब्यावर छापलेली असली म्हणून निर्धास्त होऊ नका. बँकांनासुद्धा त्यांची नोटा तपासायची मशीनं दर तिमाहीला पारखून घ्यायला सांगितलेलं आहे. आपण घेतलेल्या मशीनची पारख आपण कधी करतो?

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी विक्रेत्याच्या खिशातल्या नोटेवर डेमो बघू नये. झाकण उघडायला सांगा आणि हेड कुठे आहे त्यावर बोट ठेवायला लावा. घरची एखादी धुतलेली नोट घेऊन बसा आणि ती अडली तर का अडली, हे त्याला विचारा. तो काय उत्तर देतो त्यावरून माणूस कळेल. आणि पक्कं बिल घ्या, वर पडू द्या जीएसटी.

अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून मशीन आणल्यावर मीच त्यांना गल्ल्यावरून उठवलं होतं. आठवड्यानं रात्री हिशेब करताना मी त्यांच्यापुढे दिवसभराची गड्डी ठेवली. ते पाचशेच्या नोटेची डावी-उजवी कड अंगठ्यानं चाचपत गेले. तिथे दोन्ही बाजूंना तिरक्या पाच-पाच रेघा असतात, उठावाच्या. दिसत नाही त्यांच्यासाठीच त्या दिलेल्या आहेत. एका नोटेवर अंगठा थांबला. “ही सपाट लागते.” मी दिव्याखाली तिरकी केली. खऱ्या नोटेची तार हिरव्याची निळी होते, ही हिरवीच राहिली.

भाऊ तिथेच होता. म्हणाला, उद्या गर्दीत कोणाच्या तरी गळ्यात घाल. गंमतीत म्हणाला असेल. खोटी आहे हे माहीत असून नोट खपवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 179 खाली गुन्हा आहे. आपल्यालाही कोणीतरी असंच म्हणून दिलेली असते ती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बँकेत नेऊन दिली. आणखी पाचशे गेले.

मामांच्या वस्तीवर जाऊन आलो. चहा दिला, पाऊसपाण्याचं बोलले. मी माफी मागितली, ते म्हणाले, “ती नोट तर तेव्हाच चालली की, शेजारच्या दुकानात.” खताच्या पिशव्या पडवीत रचलेल्या होत्या. त्यांच्यावर शिक्का त्याच दुकानाचा होता.