हंटिंग्टनच्या उंदरासाठी एमआरआय की पेट?

मेंदू हळूहळू झिजवणारा हंटिंग्टनचा आजार एका जनुकातल्या एकाच दोषाने होतो. चौथ्या गुणसूत्रावरच्या या जनुकात सीएजी ही अक्षरं ४० किंवा अधिक वेळा ओळीने आली की आजार टळत नाही, आणि आई किंवा वडिलांकडून तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जनुक १९९३ मध्ये सापडलं. १९९६ मध्ये लंडनला जिलियन बेट्स यांच्या गटाने या सदोष जनुकाचा तुकडा घातलेला आर६/२ हा उंदीर तयार केला. तुम्ही अशा उंदरांवर औषध तपासणार असाल आणि पैसे एकाच प्रकारच्या स्कॅनपुरते असतील, तर माझं मत आधीच सांगते: एमआरआय घ्या. फक्त एका परिस्थितीत मी पेट, म्हणजे किरणोत्सारी रेणू टोचून तो मेंदूत कुठे जातो हे दाखवणारा स्कॅन, सुचवेन; तिच्याकडे पुढे येते.

उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका असतो. या आजारात सर्वांत आधी झिजणारा स्ट्रायटम, म्हणजे मेंदूतला हालचालींवर ताबा ठेवणारा भाग, त्यात जेमतेम काही मिलिमीटरचा. रुग्णालयातलं ३ टेस्लाचं यंत्र इथे अपुरं पडतं, म्हणून ७ किंवा ९.४ टेस्लाचं चुंबक वापरतात. जिवंत उंदरातही त्यातून साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो. पेटचा तपशील १ मिलिमीटरच्या आसपास थांबतो, आणि खरी मेख इथेच आहे. स्ट्रायटम आकसला की त्याचा संकेत शेजारच्या भागांत मिसळून फिका दिसतो. मग आकडा उतरला तो रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे रेणू) कमी झाले म्हणून की जागाच लहान झाली म्हणून, हे एकट्या पेटवरून कळत नाही. ते सोडवायला शेवटी एमआरआयच लागतो.

एमआरआयच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा म्हणजे माणसांशी जुळणारं मोजमाप. ट्रॅक-एचडी या अभ्यासात सदोष जनुक असलेल्या, पण आजाराचं निदान न झालेल्या लोकांमध्येही कॉडेट आणि प्युटामेन हे स्ट्रायटमचे भाग आकसलेले आढळले. उंदरात तुम्ही मोजता तेच माणसात मोजता येतं.

पण आकारमान का घटलं हे एमआरआय सांगत नाही. आर६/२ मध्ये तर आणखी गुंता: बदल इतक्या कोवळ्या वयात सुरू होतात की मेंदू झिजला की मुळात पुरता वाढलाच नाही, हा प्रश्न उरतो. त्याच यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं मोजमाप, जरूर करा. २००० सालच्या एका अभ्यासात आर६/२ मध्ये चेतापेशी मेलेल्या नसतानाही एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे चेतापेशींच्या तब्येतीची खूण असलेलं रसायन घटलेलं दिसलं होतं. पेशी मरण्याआधी आजारी पडतात, आणि औषधाला संधी असते ती याच काळात.

आता पेट. तुमचं औषध ठरावीक रेणूवर काम करत असेल, तर पेटला पर्याय नाही. डोपामिनचे डी२ रिसेप्टर, पीडीई१०ए हे एन्झाइम, आणि हंटिंग्टिन या सदोष जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या (त्यांनाच चिकटणारा सीएचडीआय-१८०आर हा रेणू अलीकडचा): हे एमआरआयला दिसत नाही. हंटिंग्टिन कमी करणारा उपचार तपासताना गुठळ्या खरोखर घटल्या का, हे त्याच प्राण्यात पुन्हापुन्हा पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे. पीडीई१०ए रुग्णांमध्येही लवकर घटतं, म्हणून तोही दुवा पक्का.

अडचण ट्रेसर, म्हणजे टोचायचा किरणोत्सारी रेणू, पोहोचवण्याची. किरणोत्सारी कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं. परळच्या सायक्लोट्रॉनमधून (किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रातून) निघालेली मात्रा तीन तासांनी पुण्यात पोहोचली, तर पाचशेव्या हिश्श्याइतकीही उरणार नाही. फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्याच प्रवासात सुमारे एक तृतीयांश उरतं. सायक्लोट्रॉन आवारात नसेल तर कार्बन-११ चे ट्रेसर विसरा. डी२ रिसेप्टर दाखवणारा रॅक्लोप्राइड आणि सीएचडीआय-१८०आर त्यातच मोडतात. फ्लोरीनचं एफडीजी, म्हणजे पेशी किती साखर वापरतात ते दाखवणारा ट्रेसर, सहज मिळतं, पण आर६/२ साठी ते घेऊ नका. या उंदरांना मधुमेह होतो, आणि रक्तातली साखर वाढलेली असताना एफडीजीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

एफडीजीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: टोचल्यावर उंदीर जागा असतानाच ते मेंदूत शिरतं, भूल नंतर स्कॅनपुरती दिली तरी चालते. एमआरआयमध्ये प्राणी पूर्ण वेळ आयसोफ्लुरेन या भूल देणाऱ्या वायूखाली असतो. आकारमानाला त्याने फारसा फरक पडत नाही, पण या वायूने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे रक्तप्रवाहावर बेतलेल्या मोजमापांना तो बाधतो. अशक्त आर६/२ लांब स्कॅनमध्ये दगावूही शकतो; अंग गरम ठेवा, श्वासावर लक्ष ठेवा.

म्हणून उंदीरही यंत्राबरोबरच ठरवा. आर६/२ जेमतेम तीन महिने जगतो. पाच-सहा आठवड्यांत उत्तर हवं असेल तर तो आणि एमआरआय. पेट करायचं असेल तर झेडक्यू१७५ हा हंटिंग्टनचाच दुसरा उंदीर घ्या. त्यात आजार सावकाश वाढतो, तेच प्राणी अनेक महिने पुन्हापुन्हा तपासता येतात, आणि डी२ व पीडीई१०ए दोन्हींची घट पेटवर दिसलेली आहे.

प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करताना हेच मांडा: तोच उंदीर पुन्हा तपासल्याने प्रत्येक टप्प्यावर वेगळा गट मारावा लागत नाही. पेट असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी वेगळी लागते. तो अर्ज आधी करा, उंदरांची मागणी नंतर. तीन महिने जगणारा प्राणी कागदांसाठी थांबत नाही.