कॅम्परमधला कचरा: सिंकखालचा डबा की मागच्या टायरवरची पिशवी?

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन आठवडाभर फिरायचं तर कचऱ्याचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी समोर येतो. 20 फुटी ट्रेलरमध्ये चार माणसं, त्यात आपला स्वयंपाक: कांद्याची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या. ठेवायचं कुठे?

सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून अडकवलेला झाकणाचा डबा मला मनापासून आवडतो. पाच-सहा लिटरचाच घ्यावा. लहान असल्यामुळे तो रोज रिकामा करावाच लागतो आणि वास धरायच्या आत कचरा बाहेर जातो. चोथा घट्ट पिळून, सालं जुन्या कागदात गुंडाळून टाकली की पिशवीच्या तळाशी पाणी साचत नाही. मासळीचे काटे, चिकनची हाडं मात्र डब्यात नकोतच. ती मी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवते, कचराकुंडी दिसेपर्यंत.

मागच्या स्पेअर टायरवर पट्ट्यांनी बांधायच्या जाड कापडी पिशवीत भरपूर मावतं. रिकामे कॅन, खोकी, कागदी प्लेटा. पण रात्री ती तशीच लटकत ठेवणं चुकीचं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी कचराही अन्नासारखाच बंद ठेवावा लागतो, कारण अस्वलाला दोन्ही सारखंच. कचऱ्याला चटावलेलं अस्वल माणसांजवळ येत राहतं आणि कधीकधी शेवटी त्यालाच मारावं लागतं. हे मला सहन होत नाही.

म्हणून आमच्याकडे ओलं आत, सुकं बाहेर, तेही गाडी चालू असेपर्यंतच. मुक्कामी पोचलो की आधी पिशवी रिकामी करायची, मग चहा टाकायचा.